दत्तक कुटुंब उसाला गेलंय

आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आमच्या अंबाजोगाईत आहे. बीड जिल्ह्यात कुठल्याही सत्काराला जा, हे वाक्य तीनदा कानावर पडतं. प्रास्ताविकात एकदा, पाहुण्यांच्या भाषणात एकदा आणि आभारात पुन्हा एकदा, उशिरा आलेल्यांची गैरसोय नको म्हणून. आता सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ सालची, आणि तिला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणतात. आमचं १९७४ सालचं. म्हणजे देशात आपण दुसरे आणि खंडात पहिले. वर्धा जिल्हा कोणत्या खंडात आहे, हे कुणीतरी भूगोलाच्या मास्तरांना विचारून घ्यावं. मध्ये ‘शासकीय’ हा शब्द घातला तर कोडं सुटेलही, पण हारतुऱ्यांच्या गर्दीत एवढा बारकावा कोण सांभाळतो!

नाव मात्र शोभणारं दिलं. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे पुढारी, हे १७ सप्टेंबरच्या झेंड्यामुळे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी ते ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होते आणि नंतर याच गावात शाळामास्तर होते, हे जरा कमी पाठ आहे. कामगार आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी ज्यांच्या एका आयुष्यात मावल्या, त्यांच्या नावाच्या इमारतीत त्या एकत्र यायला हरकत नव्हती. रोज येतातही. फक्त कामगार खाली केसपेपरच्या रांगेत उभा असतो आणि शिक्षण वर लेक्चर हॉलमध्ये चालू असतं.

परंपरा तशी जुनीच. परळीला वैद्यनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी. दोघांचं लग्न ठरलं, पण मुहूर्त टळला आणि देवी इथंच राहिली, अशी कथा सांगतात. दोन गावांत अंतर पंचवीसेक किलोमीटर. तेव्हा वैद्याची आणि अंबाजोगाईची वेळ जुळत नाही, ही तक्रार आजकालची समजू नये.

आता त्यावर दिल्लीने उपाय शोधलाय. आधी बोटाचा ठसा होता, १ मे २०२५ पासून चेहरा आलाय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या हुकमाप्रमाणे प्राध्यापकाने मोबाइलसमोर तोंड धरायचं. आधारने ओळख पटवायची, उपग्रहाने जागा ताडायची, आणि मग दिल्लीला समजणार की अंबाजोगाईत औषधशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक हजर आहेत. एका माणसाच्या हजेरीला अंतराळातून साक्षीदार! हजर राहून तो काय शिकवतो, काय शोधतो, हे बघणारा उपग्रह मात्र अजून कुणी सोडलेला नाही.

यंत्र यायच्या आधीचा जमाना फार रम्य होता. तपासणीचं पथक यायचं म्हटलं की एका महाविद्यालयातले डॉक्टर दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन उभे. लग्नघरी उसने दागिने घालून मिरवावं, तसे. पथक गेलं की दागिने परत. त्यातली हौस अजून फिटलेली नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात शेजारचं जालनाही होतं आणि हिंगोलीही. इमारत निविदेने बांधता येते, यंत्र निविदेने घेता येतं. शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक निविदेने मिळत नाही, म्हणून तो जुन्या महाविद्यालयातून प्रतिनियुक्तीवर उचलायचा. एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं आणि दोन्हींच्या फिती कापायच्या. तपासणी करणाऱ्यांची तपासणी २०२५ साली सीबीआयने सुरू केली, ती कथा वेगळी आणि लांबलचक आहे. मान्यतेसाठी पैसे चारल्याच्या त्या गुन्ह्यात दिल्लीपासून छत्तीसगडपर्यंतची मंडळी आहेत. आपल्याकडच्यांनी हसू नये एवढंच.

अंबाजोगाईचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत येतं, ते कशासाठी? २०२१ च्या एप्रिलमध्ये आलं. महिन्याच्या सुरुवातीला जागा नाही म्हणून आठ कोरोनामृतांना एकाच चितेवर अग्नी द्यावा लागला, आणि महिना सरता सरता बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात गेले. पहिल्या लाटेत पाच रुग्णवाहिका होत्या, मग तीन काढून घेतल्या, उरलेल्या दोनांत भागवतोय, असा महाविद्यालयाचा खुलासा होता. २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आलं: रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्लासिबो म्हणजे काय हे प्रात्यक्षिकासह समजावं, अशी पुरवठादारांची इच्छा असावी. शोधनिबंधामुळे अंबाजोगाईचं नाव पहिल्या पानावर आल्याचं आमच्या वाचनात नाही.

तरी या दवाखान्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा रात्री दोन वाजता अपघात विभागाच्या दारात उभं राहावं. केजहून विष प्यायलेला शेतकरी येतो, धारूरच्या डोंगरातून साप चावलेली पोर येते, माजलगावहून अडलेली बाळंतीण येते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो लातूरला किंवा संभाजीनगरला जातो. ज्याच्याकडे नाहीत त्याला अंबाजोगाईचाच आधार. छत्तीस तास न झोपलेला निवासी डॉक्टर त्या सगळ्यांना सामोरा जातो, वर नातेवाइकांच्या शिव्या खातो. त्या पोराला आम्ही या सदराच्या कक्षेबाहेर ठेवलंय. आमचं भांडण त्याच्याकडून संशोधन करवून घेणाऱ्यांशी आहे.

ते संशोधन कसं चालतं? पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. विषय गाइड ठरवतो, मंजुरी नैतिकता समिती देते, नोंदणी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ करतं, बांधणी झेरॉक्सवाला करतो आणि राखण ग्रंथालय करतं. वाचण्याचं काम कुणाकडे दिलेलं नाही.

“सर, प्रबंधाला विषय?”

“मागच्या बॅचने काय केलं होतं?”

“गरोदर बायकांमधला रक्तक्षय.”

“मग तूही गरोदर बायकांमधला रक्तक्षयच घे. वर्ष बदल.”

“आणि निष्कर्ष, सर?”

“तो कशाला बदलतोस?”

हा संवाद कुठल्या एका महाविद्यालयातला नाही, राज्यातला कुठलाही गाइड त्यात स्वतःला बघू शकतो. ग्रामीण बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, हे महाराष्ट्रात किती कपाटांत किती वेळा सिद्ध होऊन पडलंय! बायकांना ते पहिल्या प्रबंधाच्या आधीपासून ठाऊक आहे. त्यांना पुढचं ऐकायचंय. लोहाच्या गोळ्या दिल्या तर पोट बिघडतं म्हणून बाई त्या उंबऱ्याबाहेर फेकते, मग काय करायचं? पण या प्रश्नाला टक्केवारीचा तक्ता नीट काढता येत नाही आणि संख्याशास्त्रातली पी व्हॅल्यूही मनासारखी येत नाही.

प्राध्यापकांचं गणित आणखी सोपं आहे. बढतीला शोधनिबंध लागतात. नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून तरी हवं. त्यामुळे रक्तदाब मोजणारा एक, आकडे भरणारा एक आणि लेखक सात, असा निबंध तयार होतो. पहिल्या तीन खुर्च्यांसाठी जी चढाओढ लागते, ती बघून जिल्हा परिषदेतल्या सदस्यांनी शिकवणी लावावी. पैसे भरले की निबंध छापणारी नियतकालिकंही दुनियेत मुबलक आहेत. त्यांची नावं एवढी आंतरराष्ट्रीय असतात की ती निघतात कुठल्या गल्लीतून, हे शोधणं हाच संशोधनाचा विषय व्हावा. शिवाय संशोधन कसं करावं याचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. प्रमाणपत्र मिळतं. ते लॅमिनेट होतं.

अंबाजोगाईतच सोळाव्या शतकात संतकवी दासोपंत होऊन गेले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहून त्यांचं भागलं नाही, म्हणून पंचमहाभूतांतून हा देह कसा घडतो ते त्यांनी चाळीस हात लांब आणि चार हात रुंद कापडावर लिहून काढलं. ती पासोडी अजून आहे. शरीराविषयीचा अंबाजोगाईतला हा सगळ्यात लांब निबंध. लेखक एकच, आणि बढती शून्य.

आता मुद्द्यावर येतो. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या मुलांना कुटुंब दत्तक घ्यावं लागतं. कल्पना आयोगाची आणि खरोखर चांगली, हे आधी नोंदवून ठेवतो. एकेका विद्यार्थ्याकडे तीन ते पाच घरं. पुस्तकातला आजार चुलीपाशी कसा दिसतो हे पोराने बघावं, वजन-उंची मोजावी, रक्तदाब घ्यावा, घरातलं माणूस आजारी पडलं तर दवाखान्याची वाट दाखवावी, आणि हे सलग काही वर्षं चालावं. शिवाय औषधी रोपं लावावीत. दिल्लीत बसून नियम लिहिताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोर अंगण आलं असणार, आणि त्या अंगणात वर्षभर कुणीतरी राहत असणार.

आमच्याकडे वर्ग भरतात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऊसतोडीचे कोयते निघतात दसरा-दिवाळीला. ‘नीट’ परीक्षा पास होण्यासाठी दोन वर्षं लातुरात घालवलेला मुलगा, अंगात कोरा एप्रन, हातात लॉगबुक, असा वडवणी-धारूरकडच्या एखाद्या तांड्यावर उतरतो. समोर घर, घराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर म्हातारी.

“आजी, इथली माणसं कुठायत?”

“उसाला गेली.”

“कधी येतील?”

“पट्टा पडल्यावर.”

“म्हणजे कधी?”

“ऊस सरल्यावर, बाबा. तू कुण्या गावचा?”

मग तो आजीचं वजन करतो, आजीपाशी ठेवलेल्या नातवाची उंची घेतो आणि लॉगबुक भरतो. कुटुंबाचा वयोगट त्यामुळे भलताच लांबरुंद येतो. मधली पिढीच नाही. ती सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर नाहीतर कर्नाटकात झोपडी, म्हणजे कोपी, घालून बसलीय. जिल्ह्यातून दरवर्षी लाखांनी माणसं जातात, घरंच्या घरं जातात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मोजणी होते. म्हणजे दत्तक घ्यायची ती माणसं वर्षातले सहा महिने दुसऱ्याच कुणाच्या हिशेबात असतात. आणि औषधी रोपं? तुळशीला पाणी घालायला आजी आहे. आजीला पाणी आणायला कोण आहे, हा रकाना लॉगबुकात नाही.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, हा कुटुंब दत्तक घेण्याच्या कार्यक्रमातला छोटासा घोटाळा आहे. तसं नाही. बीड जिल्ह्याचं सगळ्यात मोठं वैद्यकीय कोडं या कुलपातच अडकलंय.

समजा बाई तिशीची आहे. लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तीन बाळंतपणं, त्यातली निदान एक कोपीत. पहाटे उठायचं, फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याला दंड. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. गावी आल्यावर खासगी दवाखान्यात दाखवते. तिथं तिला सांगतात, गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. ती मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेते, पिशवी काढते, आणि ती उचल फेडायला पुढच्या दसऱ्याला पुन्हा फडात उतरते. पाळी गेली, खाडाही गेला. अर्थशास्त्र इतकं चोख की एखाद्याला यातूनही पीएचडी मिळावी.

हे २०१९ साली उजेडात आलं तेव्हा देश हादरला. उजेड कुठून पडला? वर्तमानपत्रांतून. मग महिला आयोग हलला, मग विधिमंडळ. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींना गर्भपिशवी नव्हती. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातलं हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्या काही एकाच साच्यातल्या नाहीत, हे मान्य. पण तीन आणि सतरा यांच्यातलं अंतर साच्याने भरून निघत नाही.

मग उपाय झाला. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्याने पिशवी काढायची नाही. म्हणजे एक अर्ज वाढला. अर्जाने शस्त्रक्रिया कमी होतील. ओटीपोटातलं दुखणं मात्र अर्ज बघून थांबत नाही. ज्या बाईला खरंच गरज आहे तिला आता सही मिळेपर्यंत थांबायचंय, आणि ट्रक थांबत नाही.

आता बघा, प्रबंधाचे विषय कसे रांगेने उभे आहेत. काढलेल्या पिशवीचा तुकडा विकृतिशास्त्राच्या विभागात नेला तर ती खराब होती की धडधाकट होती, हे काचपट्टीवर दिसतं. तिथं डॉक्टरचं तोंड बघावं लागत नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील तर तिशीतल्या बाईला त्या दिवशीच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. मग त्या १३,८६१ जणींची हाडं आज कशी आहेत? त्या अजून मोळ्या उचलतात का? किती जणींची कंबर गेली? यातल्या पुष्कळ जणी अंबाजोगाईच्याच बाह्यरुग्ण विभागात ‘कंबर दुखते’ म्हणून येत असणार, अस्थिरोगवाल्यांकडून वेदनाशामक घेऊन जात असणार. स्त्रीरोग विभाग शेजारच्याच दारात. पण दोन विभागांतलं अंतर अंबाजोगाई ते परळी एवढं असू शकतं, हे आपल्याला माहीत आहेच.

कुणी म्हणेल, असलं संशोधन करायला मोठी प्रयोगशाळा लागते, निधी लागतो. गडचिरोलीला विचारा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग आहे, आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात आठच. जगाला तोपर्यंत खेड्यातली बाई म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच ठाऊक होतं. दोन गावांनी जगाचा समज बदलला. वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत नव्हती, टर्शरी केअर नव्हतं, सात लेखक तर नव्हतेच.

किंवा विंचवाला विचारा. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत मरत होती, फुप्फुसात पाणी होऊन. आरोग्य केंद्रात रुग्णाच्या उशाशी बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून ठेवत या माणसाने दुखणं उलगडलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. मग प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी वापरून शंभरातले चाळीस मृत्यू एकावर आणले. २०११ साली ‘बीएमजे’त त्यांची नीट चाचणी छापून आली. २०२२ ला पद्मश्री. यातल्या कुठल्याही पायरीवर उपग्रहाने त्यांचा चेहरा तपासल्याची नोंद नाही. अर्थात त्यांनी बढतीसाठी विंचू निवडला नव्हता. विंचूच रोज रात्री दारात येत होता.

बीडच्या दारात काय येतं, हे वर सांगितलंच. त्यात आणखी एक: २०११ च्या जनगणनेत बीडला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ही करामत अडाण्यांची नव्हे. सोनोग्राफीचं यंत्र चालवायला आणि गर्भ काढायला शिक्षण लागतं, पदवी लागते. परळीतल्या डॉक्टर दांपत्याला न्यायालयाने २०१९ साली दहा वर्षांची शिक्षा दिली, ती वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासक्रमात कुठल्या धड्याखाली शिकवतात ते बघायला हवं. नैतिकतेचा स्वतंत्र भाग आता अभ्यासक्रमात आहे म्हणतात. परीक्षेला किती गुणांचा, हा मुलांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

आणि खरी गंमत नाशिकची. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली निघालं आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं हळूहळू त्याच्या छत्राखाली आली. अंबाजोगाई त्याच विद्यापीठाची. मिरज त्याचीच, कोल्हापूर त्याचीच, सातारा, सोलापूर, बारामती त्यांचीही तीच गत. म्हणजे वडवणीची बाई मे महिन्यात अंबाजोगाईच्या हद्दीत असते आणि डिसेंबरात मिरजेच्या नाहीतर कोल्हापूरच्या. गाव बदलतं, तालुका बदलतो, जिल्हा बदलतो, विद्यापीठ बदलत नाही! कर्नाटकात गेलेल्यांचं सोडा, पण राज्यातला ऊसतोडीचा सगळा रस्ता एकाच कुलगुरूंच्या अखत्यारीत आहे. असं भाग्य जगात फार थोड्या विद्यापीठांना लाभलं असेल. स्थलांतर करणाऱ्या माणसांचा अभ्यास करायचा म्हणजे दोन देशांचे करार, दोन भाषांचे फॉर्म अशा कटकटी असतात. इथं फॉर्म एक, भाषा एक, शिक्का एक. अंबाजोगाईच्या मुलाने दत्तक घेतलेलं घर दिवाळीनंतर मिरजेच्या मुलाने फडात जाऊन बघायचं आणि उन्हाळ्यात परत अंबाजोगाईच्या हवाली करायचं, एवढी साधी गोष्ट. पाच वर्षं हे केलं तर पिशवी केव्हा दुखायला लागते, फडात की गावात, पाण्याने की वजनाने, पंचविशीत की पस्तिशीत, याचं उत्तर कागदावर येईल, आणि त्याला छापायला ‘लॅन्सेट’च काय, ‘लॅन्सेट’चा शेजारीही धावत येईल.

यावर हरकत काय निघेल तेही ठाऊक आहे. रुग्ण फिरता आहे, पाठपुरावा तुटतो. संशोधनात अशी मधेच गळालेली माणसं म्हणजे मोठी डोकेदुखी. मुकादमाला विचारा. त्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याचं नाव आहे, उचल आहे, गाव आहे, कारखाना आहे, कुठल्या गटात कुठल्या शेतकऱ्याच्या फडात तो आज उभा आहे तेही आहे. पी व्हॅल्यू त्याला माहीत नाही. पण गेल्या कित्येक हंगामांत त्याचा एकही माणूस ‘संपर्क तुटला’ या रकान्यात पडलेला नाही. पडला तर तो जीप घेऊन शोधायला जातो. जिल्ह्यात सगळ्यात काटेकोर नोंदवही असलेल्या या गृहस्थाला बायोमेडिकल संशोधनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात पाहुणा व्याख्याता म्हणून बोलवावं. मानधन मात्र आगाऊ द्यावं लागेल.

दुसरी हरकत मुदतीची. प्रबंधाचा आराखडा अमुक तारखेच्या आत, नमुने तमुक महिन्यांत, असं विद्यापीठाचं वेळापत्रक असतं, आणि त्यात गाळप हंगाम बसत नाही. साखर आयुक्तालय गाळपाची तारीख जाहीर करतं, ती विद्यापीठाने आपल्या वेळापत्रकाच्या वर चिकटवावी. फडात जाऊन केलेल्या अभ्यासाला बढतीत दुप्पट धरावं, म्हणजे पहिल्या तीन खुर्च्यांची चढाओढ निदान उसात तरी होईल. कारखान्याच्या अतिथिगृहात राहायची सोय असते, जेवण बरं असतं; प्राध्यापकांनी घाबरू नये.

यासाठी नवी इमारत लागत नाही, फीत लागत नाही, मंत्री लागत नाही. म्हणून तर ते अवघड आहे. नाशिकहून एक परिपत्रक निघायला हवं. मराठीत काढलं तर मुकादमालाही वाचता येईल. फक्त तारीख दसऱ्याच्या आतली टाका. दसऱ्यानंतर गाड्या निघतात.